बाबांच्या कॅसेटी, आईचा फोन आणि तीन कंपन्या : गूगल, ॲपल, ॲमेझॉन तिन्ही घरात वापरून लिहितोय

आमच्या घरात या तिघांच्याही वर्गण्या चालू आहेत, कारण घरच तसं विखुरलेलं आहे. पुण्यात मी अँड्रॉइडवाला, बायको आयफोनवाली, सांगलीला गावभागात आई-बाबा आणि त्यांच्याकडे गूगल टीव्ही आत असलेला टीव्ही, आणि धाकटा भाऊ जर्मनीत. मित्र सारखे विचारतात की बाबा रे एकच काय ती इकोसिस्टिम, म्हणजे सगळं एकाच कंपनीचं, घ्यायची तर कुठली घेऊ, आणि नेटवर बघायला गेलं तर सगळे रिव्ह्यू अमेरिकेतल्या घराचे, ज्यात सगळ्यांना इंग्रजी येतं आणि सगळे हॉलिवूडच बघतात. मराठी घरात काय चालतं ते कुणी लिहीत नाही म्हणून मीच लिहायला बसलोय, जरा लांबेल.

आधी कॅसेटींचं सांगतो, माझी सगळी तुलना तिथूनच सुरू झाली. बाबांकडे दोन-अडीचशे कॅसेटी होत्या. निम्म्या विकत घेतलेल्या, निम्म्या त्यांनी स्वतः भरलेल्या : आकाशवाणी सांगलीवरचं नाट्यसंगीत, गणपतीतली कीर्तनं, आणि एका सी-९० म्हणजे दीड तासाच्या कॅसेटमधे माझ्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या. २०१९ च्या ऑगस्टमधे कृष्णेचं पाणी घरात शिरलं तेव्हा कपाटाच्या खालच्या दोन फळ्या पाण्यात गेल्या. वरच्या वाचल्या. त्या वाचलेल्या मग मी पुण्याच्या जुन्या बाजारातून एक डेक आणून, लॅपटॉपला जोडून, ऑडॅसिटी नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे त्यात एकेक करून उतरवून घेतल्या, आणि ज्यांनी हे काम केलंय त्यांना माहितीये की तासाची कॅसेट उतरवायला तासच लागतो, त्यात शॉर्टकट नाही. साधारण अकराशे फाइली झाल्या. आता या ठेवायच्या कुठं, म्हणजे बाबांना फोनवर टच केलं की वाजल्या पाहिजेत आणि पुन्हा पूर आला तरी गेल्या नाही पाहिजेत?

हा प्रश्न घेऊन तिघांकडे बघितलं की चित्र लगेच साफ होतं.

गूगलचं यूट्यूब म्युझिक तुमची स्वतःची गाणी चढवू देतं, एक लाखापर्यंत, आणि त्याला पैसे लागत नाहीत. कॉम्प्युटरवर ब्राउझर उघडायचा, फोल्डर ओढून टाकायचं, झालं. एमपी३ चालतं, फ्लॅक चालतं. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट, चढवलेली गाणी प्रीमियम म्हणजे पैसे भरून घ्यायची वर्गणी नसली तरी बिनजाहिरातीची वाजतात, स्क्रीन बंद करून सुद्धा वाजतात. बाबा पहाटे साडेपाचला फोन खिशात टाकून आमराईला फिरायला जातात आणि त्यांनी १९८८ साली स्वतःच्या हातानं भरलेलं कीर्तन ऐकतात. मी पहिल्यांदा त्यांना ते लावून दिलं तेव्हा ते काही बोलले नाहीत, नुसते बसून राहिले, आणि मग म्हणले, "मागं खोकतोय तो आपला नाना."

ॲपलकडे पण सोय आहे, ॲपल म्युझिकची वर्गणी असेल तर तुमची लायब्ररी वर जाते, तिथंही मर्यादा एक लाखाचीच. पण ॲपल आधी तुमची फाइल त्यांच्या दुकानातल्या गाण्याशी जुळवून बघतं आणि जुळली तर त्यांच्याकडची प्रत देतं, न जुळलेली तेवढी वर चढवतं. विकतच्या कॅसेटीसाठी हे चांगलंच आहे की, खरखर जाऊन स्वच्छ गाणं मिळतं. घरगुती रेकॉर्डिंगला मात्र मला ही जुळवाजुळव नको वाटते, बाबांना खोकल्यासकट पाहिजे असतं. आणि वर्गणी थांबली की ती लायब्ररी पण थांबली, म्हणजे मूळ फाइली आपल्याकडे जपून ठेवायलाच लागतात.

ॲमेझॉनकडे एकेकाळी ही सोय होती, त्यांनी २०१७ च्या शेवटी नवीन गाणी घेणं थांबवलं आणि मग ती सेवाच गुंडाळली. विषय संपला.

आता गूगलवर एवढा विश्वास ठेवायचा का, तर हा प्रश्न रास्त आहे. गूगल दुकानं उघडतं तशी बंदही करतं. गूगल प्ले म्युझिक २०२० च्या डिसेंबरात बंद झालं. स्टेडिया नावाची गेमिंगची सेवा, जी भारतात आलीच नाही, ती जानेवारी २०२३ मधे बंद केली, लोकांचे पैसे परत दिले. टीव्हीला लावायचं क्रोमकास्ट तर आपल्याकडं किती घरात होतं, २०२४ मधे त्याचं उत्पादन थांबवलं. पण प्ले म्युझिक बंद करताना लोकांनी चढवलेली गाणी तशीच्या तशी यूट्यूब म्युझिकमधे हलवायची सोय त्यांनी दिली होती, आणि आजही टेकआउट म्हणून जे गूगलचं पान आहे तिथून स्वतःच्या फाइली परत उतरवून घेता येतात. जाताना सामान नेऊ देणारा मालक मला चालतो.

हे मी एवढं जोर देऊन सांगतोय कारण मला ठेच लागलेली आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका ऑनलाइन दुकानातून, नाव घेत नाही, मी चाळीसेक गाणी पैसे देऊन घेतली होती. दुकान बंद झालं, सूचनेचा मेल माझ्या जुन्या आयडीवर गेला जो मी उघडतच नव्हतो, आणि गाणी गेली. तेव्हापासून विकत घेतलेलं आणि वाचायला-ऐकायला मिळालेलं या दोन गोष्टी मी वेगळ्या मोजतो. या बाबतीत ॲपलचं कौतुक करायला पाहिजे, आयट्यून्सवर विकत घेतलेल्या गाण्यांवरचं, दुसरीकडं नेऊ न देणारं कुलूप त्यांनी २००९ मधेच काढलं, भारतात त्यांचं दुकान २०१२ च्या डिसेंबरात आलं तेव्हापासून घेतलेलं गाणं ही साधी फाइल आहे, उचलून कुठंही ठेवा. सिनेमांना मात्र तिघांकडेही कुलूप आहेच. भाड्यानं घेतला तर तीस दिवसात सुरू करायचा आणि सुरू केल्यावर बहुतेक ४८ तासात संपवायचा, हा नियम जवळपास सगळीकडं सारखाच.

आईचं बघू. आई टाइप करत नाही. तिला मराठीत बोलायचं असतं आणि बोललेलं मिळालं पाहिजे. इथं गूगल बाकीच्या दोघांच्या फार पुढं आहे, थोडंथोडकं नाही. मराठीत बोलून टाइप करायची सोय गूगलनं २०१७ मधे दिली, २०१८ मधे बोलून काम सांगायचा त्यांचा असिस्टंट मराठी बोलायला लागला. आई फोनवर यूट्यूब उघडते, कीबोर्डवरचा माइक दाबते, "गोंदवलेकर महाराज प्रवचन" म्हणते, देवनागरीत उमटतं, यादी येते, मग कास्टचं चौकोनी चिन्ह दाबलं की समोर टीव्हीवर. हे तिला मी एकदाच शिकवलं. आता ती शेजारच्या काकूंना शिकवते.

ॲमेझॉनची अलेक्सा भारतात २०१७ मधे इंग्रजी घेऊन आली, २०१९ मधे हिंदी शिकली, आणि तिथंच आहे. मराठीला अजून जागा नाही. सांगलीच्या आईनं स्वतःच्या स्वयंपाकघरात भीमसेनजींचा अभंग लावायला हिंदीत का बोलावं हे मला खरंच समजत नाही, आणि एवढ्या मोठ्या कंपनीला आठ-नऊ कोटी लोकांची भाषा दिसू नये याचा राग पण येतो. ॲपलनं २०२४ मधे सिरीला भारतीय इंग्रजीच्या जोडीला नऊ भारतीय भाषा समजायला शिकवल्या त्यात मराठी आहे, म्हणजे इंग्रजीत मराठी मिसळून बोललेलं सिरीला कळतं. बायको "गजर लाव सकाळी सहाचा" टाइप बोलते तेवढं होतं. आईला मात्र मी ते देणार नाही, मिसळायला तिच्याकडं इंग्रजी नाही.

मराठी गाण्यांचा अजून एक प्रश्न आहे जो तिन्हीकडं आहे. ॲपल म्युझिक, ॲमेझॉन म्युझिक, यूट्यूब म्युझिक, सगळीकडं बरीचशी जुनी मराठी गाणी रोमन अक्षरात नोंदलेली आहेत आणि प्रत्येकानं स्पेलिंग आपापल्या मनानं केलंय, एका ठिकाणी व्ही तर दुसरीकडं डब्ल्यू, ज्ञ चं तर विचारूच नका. गायकाचं नाव आहे तर संगीतकाराचं नाही, नाटकाचं तर नाहीच नाही. नाट्यपद नाटकाच्या नावानं शोधणाऱ्या माणसानं करायचं काय? यूट्यूबवर हा प्रश्न जरा हलका होतो कारण तिथं साध्या रसिकांनी आपापल्या संग्रहातलं चढवलंय आणि शीर्षक देवनागरीत, खाली राग, नाटक, साल सगळं हातानं लिहिलंय. हे काम गूगलनं केलेलं नाही, ते आपल्या लोकांनी केलंय, पण जागा गूगलची आहे.

पैशाचं. यूट्यूब प्रीमियम २०१९ मधे भारतात आलं तेव्हा महिना १२९ होतं, ऑगस्ट २०२४ पासून १४९, आणि फॅमिली १८९ वरून एकदम २९९ वर गेलं. हे बोचलं. फॅमिलीत सहा जण बसतात पण नियम असा की सगळे एकाच पत्त्यावर राहणारे पाहिजेत, म्हणजे सांगली आणि पुणे एका फॅमिलीत नियमानं बसत नाही, म्हणून आई-बाबांना मी वेगळं १४९ चं घेऊन दिलंय. फुकटच्या यूट्यूबवर अभंग चालू असताना मधेच जाहिरात घुसते, संध्याकाळी दिवा लावल्यावर ते मला घरात नको वाटतं, त्यामुळं ते १४९ मी आनंदानं देतो. २०२५ मधे ८९ रुपयांचं प्रीमियम लाइट आलंय, त्यात गाण्यांच्या व्हिडिओवरच्या जाहिराती जात नाहीत, मग आमच्या घराला त्याचा उपयोग शून्य.

ॲपल वन एकट्याला १९५, फॅमिली ३६५, त्यात म्युझिक, टीव्ही, आर्केडचे गेम आणि आयक्लाउडची जागा. फॅमिलीत इथंही सहाच, पण एकाच घरात राहायची अट नाही, गाव वेगळं चालतं. हिशोब केला तर घरात तीन-चार आयफोन असतील तर ३६५ हा या सगळ्यात स्वस्त सौदा आहे, आणि घरात एकच आयफोन असेल तर अजिबात नाही. ॲपलच्या पैसे घेण्याच्या पद्धतीची सवय करून घ्यावी लागते, रिझर्व्ह बँकेचे दर महिना कापल्या जाणाऱ्या पैशांचे नियम आल्यावर २०२२ मधे त्यांनी भारतात कार्ड घेणं थांबवलं, तेव्हापासून आम्ही यूपीआयनं खात्यात पैसे भरून ठेवतो. आणि हो, एअरटेलवाल्यांनी आधी आपला प्लॅन बघा, त्यांचं गाण्यांचं विंक ॲप २०२४ मधे बंद झाल्यावर त्यांच्या काही प्लॅनमधे ॲपलचं सोबत यायला लागलं होतं, लोक दोनदा पैसे भरत असतात.

ॲमेझॉन प्राइमची गोष्ट वेगळी. २०१६ मधे वर्षाला ४९९ नं सुरू झालं, मग ९९९, २०२१ च्या शेवटी १४९९. जून २०२५ पासून सिनेमा-मालिकांमधे जाहिराती आल्या आणि त्या नको असतील तर वर्षाला अजून ६९९. मला हे पटलेलं नाही. वर्षाचे पैसे घेऊन ज्या गोष्टीसाठी लोक आले तीच बदलायची आणि जुनी परत पाहिजे तर वेगळे द्या म्हणायचं. तरी घरात प्राइम आहे, कारण डिलिव्हरी, आणि मराठी सिनेमे तिथं बऱ्यापैकी येतात. नव्या मराठी सिनेमाला ॲपलच्या टीव्हीत शोधायला जाऊ नका, ॲपलच्या स्वतःच्या मालिका निगुतीनं केलेल्या असतात, चित्र तर असं की बघत राहावं, पण मराठीत काही नाही. (टीव्ही प्लसमधला प्लस त्यांनी २०२५ च्या ऑक्टोबरात काढून टाकला, आता नुसतं ॲपल टीव्ही, त्यामुळं डबा कुठला, ॲप कुठलं आणि वर्गणी कुठली हे दुकानात समजावून सांगताना फार त्रास होतो.) आईच्या रोजच्या मालिका तर या तिघांकडेही नाहीत, त्या झी५ आणि जिओहॉटस्टारवर, त्यामुळं एकाच कंपनीत संसार होईल ही आशा मराठी घरानं सोडूनच द्यावी.

टीव्हीला जोडायच्या डब्याचं थोडक्यात. पुण्यात ॲपल टीव्ही ४के आहे, २०२२ चा, १४,९०० ला घेतला. महाग आहे. पण उघडल्यावर समोर आपली ॲप दिसतात, विकायला काढलेला सगळा बाजार अंगावर येत नाही, अडकत नाही, रिमोट हातात बसतो. सात वर्षाच्या मुलीला तो रिमोट दिला की ती तिचं ॲप उघडते आणि तेच बघते, मला याची किंमत वाटते. फायर टीव्ही स्टिक त्याच्या एक तृतीयांश पैशात मिळते, काम सगळं करते, फक्त पहिल्या पानावर जाहिराती आणि शिफारशींची गर्दी फार. गूगल टीव्ही या दोघांच्या मधे, आणि तो हल्ली सोनी, टीसीएल, शाओमीच्या टीव्हीत आतच असतो म्हणून वेगळा खर्च नाही. नवीन टीव्ही घेणार असाल तर सहा महिने तोच वापरा आणि मग ठरवा.

आवाजात ॲपल पुढं, यात मला शंका नाही. लॉसलेस, म्हणजे आवाजातलं काही न कापलेलं गाणं, त्यांनी २०२१ मधे जादा पैसे न घेता दिलं, यूट्यूब म्युझिक २५६ केबीपीएसच्या वर जात नाही. चांगल्या हेडफोनवर, वायरच्या बरं का, ब्लूटूथवर नाही, कुमारजींची निर्गुणी भजनं लावली की मागचा तानपुरा जो भरून येतो त्यासाठी मी रात्री बायकोचा आयफोन मागून घेतो. गेम्सबद्दल माझ्याकडं सांगण्यासारखं नाही, मुलगी आर्केडमधे खेळते, मधे जाहिरात नाही आणि काही विकत घ्या म्हणत नाही एवढं मला पुरतं.

पुस्तकात मात्र ॲमेझॉन, आणि इथं मी मनापासून त्यांच्या बाजूनं आहे. डिसेंबर २०१६ मधे किंडलवर, म्हणजे त्यांच्या ई-पुस्तकं वाचायच्या यंत्रावर, मराठी पुस्तकं सुरू झाली तेव्हा मी पहिल्याच आठवड्यात बघितलं होतं. बाबांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाल्यावर छापील पुस्तक त्यांना जड जायला लागलं, किंडलवर अक्षर वाढवून ते आता दिवसाला चाळीस-पन्नास पानं वाचतात, डोळ्यावर उजेड येत नाही, चार्जिंग काही आठवडे टिकतं. बरेच मराठी प्रकाशक अजून ई-पुस्तक काढत नाहीत ही खंत आहे, पण स्वामित्वहक्क संपलेली जुनी पुस्तकं मराठी विकिस्रोतावरून ईपब या ई-पुस्तकाच्या फाइलीत उतरवून ॲमेझॉनच्या सेंड टू किंडल या सोयीनं पाठवता येतात, २०२२ पासून ईपब चालतं. दिवाळी अंकाचं स्कॅन केलेलं पीडीएफ मात्र त्या सहा इंची पडद्यावर वाचायचा प्रयत्न करू नका, त्याला टॅबच पाहिजे.

किंडलची दुसरी बाजू पण सांगायला पाहिजे. २००९ मधे अमेरिकेत लोकांनी पैसे देऊन घेतलेली जॉर्ज ऑरवेलची पुस्तकं ॲमेझॉननं त्यांच्या किंडलवरून परत काढून घेतली होती, विकणाऱ्याकडं हक्कच नव्हते म्हणून, पैसे परत दिले आणि नंतर माफी पण मागितली. आणि फेब्रुवारी २०२५ मधे विकत घेतलेलं पुस्तक कॉम्प्युटरवर उतरवून यूएसबीनं नेण्याची सोय बंद केली. मायक्रोसॉफ्टनं तर २०१९ मधे पुस्तकांचं दुकानच बंद केलं, पैसे परत मिळाले पण पुस्तकं गेली. म्हणून बाबांना जे पुस्तक कायमचं पाहिजे ते मी छापील पण घेतो.

जर्मनीतल्या भावाचं वेगळंच. देश बदलला की ॲपलमधे आधीच्या वर्गण्या संपवायच्या, खात्यातली शिल्लक शून्य करायची, फॅमिलीतून बाहेर पडायचं, मग देश बदलायचा. गूगल प्लेमधे सोपं आहे पण वर्षातून एकदाच. तिकडं गेलेल्या मुलांना माझं सांगणं, जायच्या आधी इथल्या खात्यातलं काय काय लागणार आहे त्याची यादी करा. प्लेलिस्ट हलवायची सोय ॲपल आणि गूगलनं २०२४ मधे एकमेकांत केलीये, ती चांगली चालते, मी बायकोची ३१२ गाण्यांची यादी इकडून तिकडं नेली. स्वतः चढवलेल्या फाइली त्यात जात नाहीत, आणि यूट्यूब म्युझिकमधे चढवलेलं ज्यानं चढवलं त्यालाच दिसतं, फॅमिलीतल्या दुसऱ्याला नाही. हा माझा गूगलवरचा सगळ्यात मोठा आक्षेप. आजीच्या ओव्या भावाला ऐकवायला मला त्या वेगळ्या ड्राइव्हच्या फोल्डरमधे टाकून द्याव्या लागल्या.

तर माझं उत्तर, विचारणाऱ्या सगळ्यांना : आई-वडिलांसाठी घेताय तर गूगल, डोळे झाकून, आणि यूट्यूब प्रीमियम घेऊन द्या. घरात आयफोन जास्त असतील आणि गाण्याचा कान असेल तर ॲपल वन फॅमिली. प्राइम खरेदीसाठी ठेवा, करमणुकीसाठी म्हणून घेऊ नका. किंडल वाचणाऱ्या माणसाला भेट द्या. भाव सारखे बदलतात, घ्यायच्या दिवशी स्वतः बघून घ्या. आणि घरचं जे काही आहे, आवाज, व्हिडिओ, फोटो, त्याची एक प्रत साध्या हार्डडिस्कवर, माळ्यावर, पुराच्या पाण्याच्या वर.

पाण्यात गेलेल्या कॅसेटींमधल्या तीसेक बाबांनी टाकू दिल्या नाहीत, धुवून, सावलीत वाळवून एका खोक्यात ठेवल्यात. मिरजेला एकजण फीत काढून नवीन डबीत घालून देतो असं कळलंय, गणपतीनंतर घेऊन जाणार आहे. आजीची दुसरी कॅसेट त्यातच आहे.